इंग्रजी प्रश्नरचना

इंग्रजीत विधानाचा प्रश्न करताना साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘शी इज रेडी’ – ‘इज शी रेडी?’, ‘ही कॅन स्विम’ – ‘कॅन ही स्विम?’. विधानात असे क्रियापद नसेल, तर ‘डू’, ‘डज’ वा ‘डिड’ आणावे लागते. व्हॉट, व्हेअर, व्हेन हे शब्द त्याच्याही आधी येतात.

या ‘डू’च्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच कर्त्याआधी येई. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी रचना आणि ‘डू’ची रचना शेजारीशेजारी आढळतात. स्वीडिश अभ्यासक आल्व्हार एलेगॉर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या मतानुसार ‘करविणे’ या प्रयोजक अर्थाचे ‘डू’ झिजत जाऊन अर्थशून्य साहाय्यक बनले; ते साधारण १३व्या शतकापासून नैर्ऋत्य इंग्लंडच्या पद्यात दिसते आणि १६व्या शतकात प्रश्नांत झपाट्याने रुळते. काही अभ्यासक याचे मूळ वेल्सची वेल्श व कॉर्नवॉलची कॉर्निश या भाषांत शोधतात, कारण तेथेही ‘करणे’ हे क्रियापद साहाय्यक म्हणून येते. नैर्ऋत्येला कॉर्नवॉल लागूनच असल्याने हे मत सहज टाकून देता येत नाही. मात्र इंग्रजीचा या भाषांशी संपर्क ५व्या शतकापासूनचा आणि लेखी पुरावा त्यानंतर कित्येक शतकांनी मिळतो. त्यामुळे एलेगॉर्ड यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठीत ‘तू चहा घेतोस’ला ‘का’ जोडला की प्रश्न होतो, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. गायकवाडी अमलापासून बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलाच्या कानावर दांडिया बाजारात गुजराती ‘तमे चा पीशो?’ आणि हिंदी ‘आप चाय पिएँगे?’ पडते. तेथेही शब्दक्रम तोच, फक्त सूर चढतो. म्हणून तो ‘यू ड्रिंक टी?’ म्हणतो, यात त्याचा आळस नाही. तिन्ही भाषांनी त्याला हेच शिकवलेले असते. क्रम जमल्यावरही ‘डज शी वर्क्स?’ ही चूक चिवटपणे उरते. ‘वर्क्स’मधला ‘स’ ‘डज’ने उचलून नेला, असे फळ्यावर बाण काढून दाखवले की ती लवकर सुटते.

‘हू’ कर्ता असेल, तर ‘डू’ येत नाही : ‘हू टीचेस यू?’ म्हणजे तुला कोण शिकवते. ‘हू डू यू टीच?’ म्हणजे तू कोणाला शिकवतोस. मराठीत हा भेद ‘ला’ या प्रत्ययाने कळतो, इंग्रजीत तो ‘डू’ आणि शब्दक्रम यांवरून कळतो.