वीस बाइटचा बॅकअप

बॅकअप घेता का विचारलं की सगळे हो म्हणतात, पण तो कधी परत चढवून बघितलाय का विचारलं की विषय बदलतात.

समजा पोस्टग्रेस या डेटाबेसचा पीजी-डंप (डेटा बाहेर काढणारी कमांड) रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालतो आणि त्याचं आउटपुट पाइपने थेट जीझिपमध्ये, म्हणजे डेटा दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जातं. एके दिवशी पासवर्ड बदलला आणि डंप सुरू व्हायच्या आधीच मेला, तरी जीझिप बिचारा हाती आलेलं शून्य नीट दाबून फाइल बनवतो, बरोबर 20 बाइटची, आणि शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतो (आधीची कमांड फसली तरी फेल धरायला लावणारं पाइपफेल लावलं नसेल तर) म्हणून क्रॉनच्या लेखी सगळं ओके. जीझिपची स्वतःची टेस्ट चालवा, तीपण पास होते, फाइल धडच आहे ना, फक्त आत काही नाही!

कोड होस्टिंग करणाऱ्या गिटलॅबचं 31 जानेवारी 2017 ला साधारण असंच झालं. चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवला गेला, बॅकअप बघायला गेले तर डंप कधीचे बंद, कारण पीजी-डंप पोस्टग्रेस 9.2 चा आणि डेटाबेस 9.6 चा, आणि एररचे मेल मधेच रिजेक्ट होत होते. सहा तास जुना एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या वेळची प्रत) नशिबाने सापडला, त्यावर निभावलं.

2020 च्या तेराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेससोबत पीजी-व्हेरिफायबॅकअप नावाची कमांड येते. पीजी-बेसबॅकअपने (डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा कॉपी करणारी कमांड) बॅकअप घेताना एक मॅनिफेस्ट तयार होतं, म्हणजे प्रत्येक फाइलचं नाव, साइज आणि चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला आकडा). ही कमांड ती यादी घेऊन बसते, आधी यादीच कुणी बिघडवली नाही ना ते बघते, मग कुठली फाइल गायब, कुठली जास्तीची, कुणाची साइज चुकली, आणि शेवटी एकेक फाइल वाचून चेकसम पुन्हा काढते. डिस्कवर एक बिट जरी उलटा झाला तरी साइज तीच, तारीख तीच, फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला काही कळणार नाही, चेकसम मात्र वेगळा येतो. रिस्टोअरला लागणारे वॉल लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) वाचता येतायत का हेही ती बघते.

पण एक लक्षात घ्या, ती फक्त सांगते की बॅकअप घेतला तेव्हा होता तसाच आहे. मूळ डेटाच आधीपासून बिघडलेला असेल तर त्या बिघाडाची ही एकदम अचूक कॉपी, आणि कमांड खुश. म्हणून मी तरी अधूनमधून वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून सर्व्हर चालू करतो, अख्खा डंप काढून डेव्ह-नलमध्ये (आलेलं सगळं टाकून देणारी जागा) फेकतो म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ एकदा वाचली जाते, इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या याद्या) धड आहेत का बघायला पीजी-अ‍ॅमचेक चालवतो (तो चौदाव्या आवृत्तीपासून आहे). आणि घड्याळ लावतो, कारण गिटलॅबला तो स्नॅपशॉट मिळाल्यावरही नुसती कॉपी व्हायलाच 18 एक तास लागले होते, तिकडच्या डिस्क स्लो होत्या.