लाँड्री

लाँड्री : कपडे धुऊन इस्त्री करून देणारी जागा वा व्यवसाय, तसेच धुवायचे किंवा नुकतेच धुतलेले कपडे, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजी शब्द.

या शब्दाचे मूळ ‘धुणे’ या अर्थाच्या ‘लवारे’ ह्या लॅटिन क्रियापदात आहे. त्यापासून झालेल्या ‘लवान्दा’ या रूपाचा अर्थ ‘धुवायच्या वस्तू’ असा असून मराठीतील ‘धुवायचे’ हे विध्यर्थी रूप त्याला बरेच जवळचे आहे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये कपडे धुणाऱ्या पुरुषाचा व स्त्रीचा वाचक शब्द तयार झाला आणि तो मध्ययुगीन इंग्रजीत ‘लॅव्हेंडर’ या रूपाने आला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसरने मत्सराला राजदरबाराची ‘लॅव्हेंडर’ म्हटले आहे, ते धोबीण याच अर्थाने; फुलाशी त्याचा संबंध नाही. पुढे मधला ‘व्ह’ झिजून ‘लाँडर’ व स्थानवाचक ‘लाँड्री’ ही आखूड रूपे रुळली. ‘लाँडर’ हे क्रियापद नामावरून घडले असून ते त्यामानाने उशिराचे आहे.

लॅव्हेंडर या सुगंधी वनस्पतीचे नाव याच धातूपासून आले काय, याविषयी मतभेद आहेत. स्नानाच्या पाण्यात व धुतलेल्या कपड्यांत ही वनस्पती घालीत, म्हणून ते ‘लवारे’पासून आले, असे एक मत आहे. मात्र मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लिव्हेंडुला’ असे जुने रूप आढळते. त्यामुळे निळसरपणा दर्शविणाऱ्या ‘लिव्हेरे’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. वापरामुळे धुण्याची कल्पना मागाहून चिकटली असावी आणि तिच्या ओढीने उच्चारही बदलला असावा.

‘लाँडर’ या क्रियापदाचा बेहिशेबी पैसा वैध भासविणे हा लाक्षणिक अर्थ १९७० च्या दशकात अमेरिकेतील वॉटरगेट या राजकीय गैरव्यवहार प्रकरणाच्या वृत्तांकनातून सर्वत्र पसरला. अमेरिकेतील कुख्यात गुंड अल कपोन याच्या धुलाई दुकानांवरून तो आला, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला समकालीन आधार नाही. भारताच्या २००२ च्या कायद्याच्या नावातील ‘मनी लाँडरिंग’ हा प्रयोग याच अर्थाचा आहे.

मराठीने या शब्दाचा केवळ दुकान हा अर्थ उचलला. ‘साडी लाँड्रीत टाकली’ असे म्हणतात, पण दोरीवर वाळते ते धुणेच. कारण क्रिया आणि कपडे हे दोन्ही अर्थ ‘धुणे’ या शब्दात पूर्वीपासूनच होते.