तुरेदार कॅक्टस

कॅक्टसच्या खोडाचा शेंडा एरवी एका बिंदूतून वाढतो. हा बिंदू ताणला जाऊन त्याची रेषा झाली, की खोड पंख्यासारखे पसरते आणि पुढे जागा अपुरी पडून त्याला नागमोडी घड्या पडतात. अशा झाडास तुरेदार कॅक्टस म्हणतात. ही स्वतंत्र जाती नव्हे, वाढीची एक रीत आहे. ती कॅक्टस कुलातील अनेक प्रजातींत आढळते. कित्येकदा एकाच झाडाची एक फांदी तुरेदार व बाकीच्या साध्या असतात. घरात ठेवल्या जाणाऱ्यांपैकी मेंदूच्या वळ्यांसारखा दिसणारा मॅमिलॅरिया इलाँगेटा आणि निळसर मिर्टिलोकॅक्टस जिओमेट्रिझान्स यांचे तुरेदार प्रकार विशेष परिचित आहेत.

लॅटिन ‘क्रिस्टा’ म्हणजे तुरा. त्यावरून ‘क्रिस्टाटा’ हे पद आले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी 1753 मध्ये बागेतल्या ‘कोंबडा’ या फुलझाडाला सेलोशिया क्रिस्टाटा हे नाव दिले. त्याचा मखमली तुराही याच प्रकारच्या वाढीतून होतो. त्याच प्रजातीतली साधी वाढणारी कुरडू आणि कोंबडा शेजारी ठेवून पाहिले, तर साधा व तुरेदार यांतला फरक वेगळा समजावण्याची गरज उरत नाही.

उगम : तुरेदार वाढीच्या या विकृतीस वनस्पतिशास्त्रात फॅसिएशन म्हणतात (लॅटिन ‘फॅशिया’, म्हणजे पट्टा). तिच्या कारणांविषयी एकवाक्यता नाही. शेंड्याला झालेली इजा, कीटकांचा उपद्रव, थंडीचा तडाखा, संप्रेरकांतील असमतोल, जनुकीय बदल अशी कारणे सांगितली जातात. ऱ्होडोकॉकस फॅशियान्स हा जीवाणू काही बागायती वनस्पतींत अशी किंवा हिच्याशी मिळतीजुळती विकृती घडवतो. मात्र त्यावरून प्रत्येक तुरेदार कॅक्टस रोगट मानणे योग्य ठरत नाही.

जनुकीय कारणाच्या बाजूने बराच पुरावा इतर वनस्पतींतून आलेला आहे. ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 च्या निबंधात वाटाण्याची जी सात लक्षणे मांडली, त्यांपैकी शेंड्याशी गोळा होणारी फुले हे लक्षण आज फॅसिएशनचाच प्रकार समजले जाते, आणि ते अनुवंशिक आहे. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लहानशा वनस्पतीत क्लॅव्हाटा नावाची जनुके अग्रस्थ विभज्येचा (शेंड्याशी सतत नव्या पेशी निर्माण करणाऱ्या ऊतकाचा) आकार मर्यादेत ठेवतात. ती निकामी झाल्यास विभज्या फुगते व खोड चपटे होऊ लागते. कॅक्टसमध्ये नेमकी हीच यंत्रणा बिघडते असे म्हणता येणार नाही. तरीही कारणे अनेक आणि परिणामाची जागा एक, ती म्हणजे विभज्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘मॉन्स्ट्रोज’ प्रकार मात्र वेगळा समजावा. त्यात शेंड्याची रेषा होत नाही. नको तेथे अनेक वाढबिंदू फुटून झाड गाठाळ व बेढब होते. काही ग्रंथांत दोन्ही एकत्र घातलेले दिसतात.

नामकरणाबाबतही मतभेद आहेत. जुने लेखक जातीच्या नावापुढे ‘फॉर्मा क्रिस्टाटा’ (तुरेदार रूप) लिहीत. पण हे रूप प्रामुख्याने मानवी लागवडीत टिकवले जात असल्याने त्यास लागवडीचा वाण मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लागवडीच्या वनस्पतींच्या नामकरण-नियमांनुसार 1 जानेवारी 1959 पासून प्रसिद्ध होणाऱ्या नव्या वाणनामांना लॅटिन रूप देता येत नाही. त्यापूर्वीची नावे चालतात.

निसर्गात उत्तर अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातील तुरेदार सग्वारो (कार्नेजिया जायगँटिया, खांबासारखे उंच कॅक्टस) प्रसिद्ध आहेत. ते विरळा असून माथ्यावर उघडलेल्या पंख्यासारखे दिसतात.

निगा : भरपूर उजेड, निचऱ्याची खडीमिश्रित माती आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी हे सर्व कॅक्टसना लागू आहे. तुरेदार झाडात विशेष जपायच्या त्या घड्या. पाणी तुऱ्यावर न घालता मातीत द्यावे, कारण वळ्यांत साचलेले पाणी लवकर सुकत नाही व कूज आतून सुरू होते. बाहेरून ती दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. पिठ्या ढेकूण (रस शोषणारे पांढरट कीटक) हेही याच खाचांत लपतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने ते टिपता येतात. तुऱ्याच्या कडा वाढत वाढत मातीला टेकतात, तेव्हा खाली खडे पसरून त्यांना कोरडा आधार द्यावा. तुरा वजनदार असल्यामुळे कुंडी उथळ, रुंद व जड असलेली बरी. उजेड कमी पडला, तर नवी कड फिकी व पातळ निघते आणि मागाहून उजेड दिला तरी ती पूर्ववत होत नाही.

तुऱ्यातून अधूनमधून साधे कोंब फुटतात. ते अधिक जोमाने वाढून तुऱ्याला मागे टाकतात, म्हणून दिसताच तळातून कापावेत. बियांपासून आलेली रोपे बहुतांशी साधीच निघत असल्याने अभिवृद्धी तुकड्यांनी किंवा कलमाने करतात. कापलेला भाग काही दिवस सावलीत सुकवून मगच लावतात. कलमासाठी हायलोसिरियस (ड्रॅगन फ्रूटचा वेल) हा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांचे झाड) सर्रास वापरला जातो. तो थंडी सहन करत नाही व फार काळ टिकत नाही. वर तुरा धडधाकट असताना खाली खुंट खंगल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अशा वेळी तुरा नव्या खुंटावर चढवणे हाच उपाय.

‘कोरल कॅक्टस’ या नावाने ओळखले जाणारे झाड कॅक्टस नव्हे. ते युफॉर्बिया लॅक्टियाच्या तुरेदार प्रकाराचे, बहुधा युफॉर्बिया नेरिफोलियावर केलेले कलम असते. मराठीत कॅक्टस व युफॉर्बिया या दोहोंना निवडुंगच म्हणत असल्याने घोटाळा वाढतो. युफॉर्बियाचा पांढरा चीक त्वचेला व विशेषतः डोळ्यांना अपायकारक असतो. त्यामुळे कॅक्टसचे कोंब कापण्याची सवय असलेल्यांनीही हे झाड कापताना हातमोजे घालावेत.