पांढरा मिसो म्हणजे न मुरलेला लाल मिसो नव्हे

पांढरा मिसो वर्षभर ठेवला की त्याचा लाल मिसो होतो, हे विधान इतक्यांदा वाचले आहे की आता ते खोडून काढणे भाग आहे. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला जपानी स्वयंपाकातला घट्ट लगदा. पांढरा असो वा लाल, दोन्ही सोयाबीन, तांदूळ आणि मिठाचे. एक गोडसर, दुसरा खारट आणि उग्र, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो 'मुरणे' या शब्दापाशी. लिंबाचे लोणचे जसे मुरत जाते तसाच मिसोही, म्हणजे फरक केवळ काळाचा, असे आपण गृहीत धरतो.

प्रत्यक्षात दोघांची वाट पहिल्याच दिवशी वेगळी होते. क्योतोच्या पांढऱ्या मिसोत कोजी, म्हणजे बुरशी चढवलेला तांदूळ, सोयाबीनच्या सुमारे दुप्पट असतो आणि मीठ अवघे ५ टक्क्यांच्या आसपास. उबेत कोजीतील विकरे (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात आणि काही आठवड्यांतच मिसो खाण्याजोगा होतो. सेंदाईच्या लाल मिसोत कोजी सोयाबीनपेक्षा बराच कमी आणि मीठ १२ टक्क्यांच्या घरात असते. एवढ्या मिठात नासवणारे जीव टिकत नाहीत, पण मीठ सोसणारे यीस्ट आणि लॅक्टिक जीवाणू महिनोन्‌महिने संथपणे काम करत राहतात. त्यातून सुगंध आणि हलका आंबटपणा येतो, तर प्रथिने फुटून ग्लुटामेट या अमिनो आम्लाची भरदार चव तयार होते.

रंगाचे कारण निराळे आहे. साखर आणि अमिनो आम्ले यांची जी अभिक्रिया भाकरीवर खरपूस डाग पाडते, तीच इथे सावकाश घडते. उष्णतेने ती वेगावते, त्यामुळे उबदार खोलीत काही महिन्यांतही मिसो गडद करता येतो. म्हणूनच गडद म्हणजे जुना, हा ठोकताळा मला मान्य नाही. शिवाय पांढऱ्यासाठी सोयाबीन पाण्यात शिजवून ते पाणी टाकतात, लाल मिसोसाठी ते बहुधा वाफवतात.

माझ्या फ्रिजमध्ये मागे राहून गेलेला पांढरा मिसो खाकी झाला होता, गोडवा ओसरला होता, वास मंद आंबूस येत होता. पण लाल मिसोचा भरदारपणा त्यात कुठेच नव्हता.

काळाची खरी करामत पाहायची तर ओकाझाकीचा हाचो मिसो घ्यावा. त्यात तांदूळ नाहीच. बुरशी थेट सोयाबीनवरच चढवतात, आणि लाकडी पिंपात, वर टनावारी दगड रचून, तो किमान दोन वर्षे दाबून ठेवतात. गोडवा जवळजवळ नाही, चव तुरट, किंचित कडवट. भाजलेल्या वांग्यावर मी हाचोच लावतो, पांढरा कधीच नाही.