पहिल्या ओळीआधीचा उशीर

टर्मिनलवर एखाद्या छोट्या स्क्रिप्टला फक्त तिची आवृत्ती विचारावी आणि एका ओळीच्या उत्तरासाठी दीड सेकंद ताटकळावं, हे पायथन किंवा रूबी वापरणाऱ्यांना नवं नाही. संशय लगेच भाषेवर जातो: स्क्रिप्टिंग भाषाच ती, हळूच असणार. पण नुसता पायथन, काहीही काम न देता, सुरू करून बंद केला तर डोळ्याला उशीर जाणवतही नाही. उरलेला वेळ आपण लादलेल्या कामाचा असतो.

हे काम म्हणजे मुख्यतः इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या फाइलींतला तयार कोड आपल्या प्रोग्राममध्ये आणणं. इम्पोर्टची ओळ दिसते एखाद्या घोषणेसारखी, पण ती प्रोग्राम चालताना घडणारी क्रिया आहे. इंटरप्रिटर, म्हणजे आपला कोड चालवणारा प्रोग्राम, ठरलेल्या फोल्डरांमध्ये मॉड्यूल, म्हणजे अशी कोडची फाइल, शोधतो, फाइल वाचतो आणि तिच्यातला फंक्शनांबाहेरचा सगळा कोड खरोखर चालवतो. तिथे कुणी पन्नास रेग्युलर एक्स्प्रेशन्स (मजकुरात शोधायचे नमुने) कंपाइल करून ठेवली असतील, तर ती लागोत न लागोत, तयार होतात. त्या मॉड्यूलने आणखी दहा बोलावली असतील, तर त्यांचंही तेच. पायथन बाइटकोड, म्हणजे कंपाइल केलेलं रूप, साठवून ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी कंपाइल करण्याचे कष्ट वाचतात. चालवण्याचे मात्र वाचत नाहीत. शिवाय आपण थेट चालवतो त्या मुख्य फाइलचा बाइटकोड साठवलाच जात नाही. म्हणून ती फाइल चार ओळींची ठेवून बाकी ऐवज मॉड्यूलमध्ये हलवलेला बरा.

एकदाच चालणाऱ्या कामात याचं काही बिघडत नाही. पण सुरुवातीलाच ०.४ सेकंद खाणारी स्क्रिप्ट १,००० फाइलींसाठी एकेकदा चालवली, तर ४०० सेकंद, म्हणजे जवळपास सात मिनिटं, नुसती उठण्यातच जातात.

अंदाजाने कोड हलवण्याआधी मोजावं. एकच कमांड लागोपाठ बरेचदा चालवा. पहिली फेरी बहुधा सर्वांत संथ असते, कारण फाइली डिस्कवरून येतात. नंतर त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत असतात. दोन्ही आकडे खरेच, फक्त त्यांची सरमिसळ नको. हायपरफाइन हे साधन अशा फेऱ्या आपल्यासाठी मोजतं.

मग गुन्हेगार शोधायचा. पायथन ३.७ मध्ये, २०१८ साली, ‘इम्पोर्टटाइम’ हा पर्याय आला. तो प्रत्येक मॉड्यूलपुढे दोन आकडे छापतो: त्याचा स्वतःचा वेळ आणि त्याने ओढून आणलेल्यांसकट एकूण वेळ, दोन्ही मायक्रोसेकंदांत. यात आधी मूल (ओढून आणलेलं मॉड्यूल) आणि नंतर आई (त्याला आणणारं) छापली जाते, म्हणून तक्ता खालून वर वाचायचा. एकूण वेळ मोठा पण स्वतःचा नगण्य असेल, तर दोष त्या मॉड्यूलचा नाही, त्याच्या गोतावळ्याचा. एका तारखेची मांडणी बदलण्यासाठी आख्खी डेटा विश्लेषणाची लायब्ररी आलेली इथेच सापडते.

तक्ता निर्दोष निघाला, तर लिनक्सवर प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागण्या दाखवणारं ‘एसट्रेस’ लावून प्रोग्राम किती फाइली शोधतो आणि किती वेळा रिकाम्या हाताने परततो ते पाहावं. फोल्डर नेटवर्कवर असेल, तर असा प्रत्येक हेलपाटा महाग पडतो. ‘पीकेजी रिसोर्सेस’ या जुन्या मॉड्यूलची तर वेगळीच गंमत. ते सुरू होतानाच इन्स्टॉल केलेल्या सगळ्या पॅकेजांची हजेरी घेई. त्यामुळे ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशी पॅकेजं वाढली, तरी आपली कमांड मंदावे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जड इम्पोर्ट लागेल त्या फंक्शनच्या आत नेणं. नीटनेटकेपणाच्या नियमांना ते रुचत नाही, पण कमांड-लाइन साधनात मी ते बिनदिक्कत करतो. रूबीत ‘बूटस्नॅप’ हे साधन फाइलींचे पत्ते आणि कंपाइल केलेला कोड लक्षात ठेवतं. ईमॅक्स हा एडिटर आपला लिस्प भाषेतला मूळ कोड बांधणीच्या वेळीच चढवून त्या मेमरीचं चित्र साठवतो आणि पुढे तेच उचलतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मर्क्युरियलने आणखी वेगळी वाट धरली: पायथनचा सर्व्हर जागाच ठेवायचा आणि सी भाषेत लिहिलेल्या ‘सीएचजी’ या चिमुकल्या प्रोग्रामने त्याच्याकडे निरोप पोचवायचा.

इम्पोर्ट लांबणीवर टाकण्याची सोय पायथनमध्येच असावी, असा एक प्रस्ताव २०२२ मध्ये नाकारला गेला. त्यात एक कळीची अडचण अशी, की काम पुढे ढकललं की त्यातली चूकही पुढे जाते. गायब मॉड्यूल सुरुवातीलाच बोंब मारायचं. इम्पोर्ट लांबवला, की ते अर्ध्या तासाचं काम झाल्यावर, निकाल लिहायच्या ओळीवर मारतं.