‘बोमा’तील जेवणाची पार्श्वभूमी

झिंबाब्वेतील व्हिक्टोरिया फॉल्स या गावी १९०४ मध्ये रेल्वे पोहोचली, त्याच वर्षी पहिले मोठे हॉटेल उघडले आणि पुढच्या वर्षी झांबेझी नदीवर पूल झाला. आज येथे येणाऱ्या प्रवाशाची एक संध्याकाळ ‘बोमा’साठी, म्हणजे कुंपणाच्या आवारातील जेवण-करमणुकीसाठी, राखलेली असते. गवती छपराखाली शेकोटी पेटलेली असते, ताटात कुडू या हरणाचे किंवा वॉर्टहॉग या रानडुकराचे मांस येते आणि सोबत असतो साड्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, आपल्या उकडीसारखा पण बिनमिठाचा घट्ट गोळा.

बोमा हे एका ब्रिटिश प्रशासकीय कार्यालयाच्या नावातील आद्याक्षरांचे रूप आहे, असे वाटाडे हमखास सांगतात. ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. पूर्व आफ्रिकेवरील १८७० च्या दशकातील प्रवासवर्णनांत हा शब्द काटेरी कुंपण या अर्थाने आलेला आहे, आणि टांझानियातील अरुशा येथे १९०० मध्ये जर्मनांनी बांधलेली गढीही बोमा म्हणूनच ओळखली जाते. मराठीत गुरांचाही वाडा असतो आणि सरदाराचाही, तसाच स्वाहिलीतील हा शब्द गोठ्यापासून गढीपर्यंत आणि तेथून सरकारी कचेरीपर्यंत गेला; मलावीत जिल्ह्याच्या ठाण्याला आजही बोमा म्हणतात. गुरांच्या वाड्याला झिंबाब्वेतल्याच शोना भाषेत ‘डांगा’ आणि न्डेबेलेत ‘इसिबाया’ हे शब्द असताना पर्यटन व्यवसायाने उत्तरेकडचा शब्द उचलला आणि तो अस्सल स्थानिक म्हणून खपवला, असेच म्हणावे लागते.

करमणुकीतही हीच सरमिसळ दिसते. पाहुण्यांच्या हाती दिला जाणारा जेंबे ढोल पश्चिम आफ्रिकेचा आहे, तर माकिशी मुखवटे अंगोला आणि वायव्य झांबियातील मुलांच्या दीक्षाविधीतून आलेले आहेत.

हस्तकलेच्या बाजारात मात्र स्थळाशी घट्ट नाते असलेली एक वस्तू मिळते, ती म्हणजे न्यामिन्यामीची काठी. सापाचे अंग आणि माशाचे तोंड असलेला हा झांबेझीकाठच्या टोंगा लोकांचा नदीदेव काठीला वेटोळे घालून कोरलेला असतो. याच नदीवरील करिबा धरणाच्या बांधकामाला १९५७ आणि १९५८ मध्ये महापुरांनी दिलेला तडाखा हा त्याचाच कोप, ही कथा विक्रेता घासाघीस चालू असताना ऐकवतो. त्या धरणाने सुमारे ५७ हजार टोंगा विस्थापित झाले, हे क्वचितच सांगितले जाते. भाव अमेरिकी डॉलरमध्ये ठरतो, कारण २००९ मध्ये चलनवाढीने देशाचे चलनच व्यवहारातून गेले. त्या वर्षी जानेवारीत काढलेली, एकावर चौदा शून्ये असलेली नोटही आता प्रवाशांना आठवणीची वस्तू म्हणून विकली जाते.