मृत्युदर: टक्क्यातला की लाखातला?

कोविडमध्ये कुठल्या राज्यात जास्त माणसं गेली हा विषय निघाला की वाद ठरलेला. एक म्हणतो, महाराष्ट्राचा मृत्युदर १.८ टक्के, केरळचा १ टक्का, विषय संपला. दुसरा म्हणतो, अहो, लाखामागे केरळातच जास्त गेले. आकडे दोघांचेही बरोबर, तरी दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात. दोन वेगळ्या गोष्टींना आपण 'मृत्युदर' हा एकच शब्द चिकटवलाय, तिथेच गोची आहे.

मृत्यूंची एकूण संख्या वेगळी आणि दर वेगळा, हे सांगायला नको. उत्तर प्रदेश आणि गोव्याच्या नुसत्या संख्या शेजारी मांडणारा तक्ता दिसला तर सरळ पुढे जा.

घोळ होतो तो भागाकारात खाली काय ठेवलं यावरून. सरकारी पत्रकात रोज टक्क्यांत यायचा तो बाधितांमधला मृत्युदर, म्हणजे मृत्यू भागिले सापडलेले रुग्ण. 'सापडलेले' या शब्दावर बोट ठेवा. समजा, एका जिल्ह्यात ५० माणसं गेली आणि रुग्ण सापडले २,५००. दर २ टक्के. त्याच जिल्ह्यात चाचण्या वाढवून ५,००० सापडले असते, तर दर १ टक्का. वाचलं कोणीच नाही, फक्त दर निम्मा झाला. हा आकडा घेऊन 'आमच्याकडे उपचार चांगले' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

दुसरा दर म्हणजे मृत्यू भागिले सगळी लोकसंख्या. महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू साधारण १ लाख ४८ हजार, केरळात ७२ हजार. २०११ च्या जनगणनेने भागलं की महाराष्ट्रात लाखामागे सुमारे १३२ आणि केरळात सुमारे २१५. क्रम चक्क उलटा! प्रदेशांची तुलना करायची तर मी हाच दर धरतो. टक्केवाला दर चाचण्या किती झाल्या त्याप्रमाणे हलतो, लोकसंख्या तशी हलत नाही.

वयाचंही बघावं लागतं. २०११ मध्ये केरळात साठीपुढचे १२.६ टक्के होते, बिहारमध्ये ७.४. म्हातारी माणसं जास्त तिथे मृत्यू जास्त, एवढं साधं आहे.

मात्र वरचा आकडा, म्हणजे मृत्यूच नीट मोजले नसतील, तर दोन्ही दर फुकट. ९ जून २०२१ ला बिहारने जुने ३,९५१ मृत्यू एकदम यादीत घातले आणि साडेपाच हजारांच्या आतला आकडा ९,४०० च्या वर गेला. केरळानेही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर ऑक्टोबर २०२१ पासून मागचे हजारो मृत्यू भरत नेले. त्या २१५ मध्ये हे उशिराने नोंदलेले मृत्यूही आहेत. ज्या राज्याने मागे वळून मोजलंच नाही, त्याचा दर अर्थातच गोंडस दिसतो.